फिरता भोंगा

समोरच्या वड्डेपल्लींचा शेवटचा माग सव्वाअकराला थांबतो.
मग मी हेडफोन काढतो.

सिंथ तिसऱ्या हातचा. आधी एका भजनी मंडळाकडे होता,
पट्ट्यांच्या फटीत उदबत्तीची राख अजून आहे
आणि वरचा एक कोमल निषाद दाबला की दबूनच राहतो.
यातून मला एक ऑर्गन काढायचाय,
लाकडी, कपाटाएवढा, चौघांनी उचलायचा,
जो मी जन्मात पाहिलेला नाही.

ऐकलाय. रेल्वे लाइन्समध्ये, ओहोळ सरांच्या पुढच्या खोलीत.
सर मालगाडीवर गार्ड. रविवारी चर्चमध्ये पायपेटी,
शनिवारी दुपारी, ड्युटी नसली तर, ती एक कॅसेट.
कव्हर हरवलेलं. बँडचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं.
"गिटार सोड बे," म्हणायचे, "त्याच्या खाली ऐक,
कोण शंटिंग करतंय ते."
मी चौदा वर्षांचा, घामानं रेक्झिनला चिकटलेलो.
खाली खरंच काहीतरी जड
थरथरत रूळ बदलत होतं.

नऊ दांड्या असतात त्या ऑर्गनला.
पहिल्या तीन पूर्ण ओढायच्या, बाकीच्या आत.
मी कागदावर लिहितो: आठ आठ आठ, मग सहा शून्यं.
बाबा चष्मा वर करून बघतात.
पस्तीस वर्षं चादरींच्या जेकार्डचे पुठ्ठे पाडले त्यांनी;
भोक असेल तिथं दोरा वर, नसेल तिथं खाली.
"हे कार्डच की," म्हणतात. "पण यात मोर कुठं येतो?"

कळ दाबताना एक बारीक टक् होतं.
बनवणाऱ्यांना तो दोष वाटला, वाजवणाऱ्यांनी काढू दिला नाही.
हे बाबांना लगेच पटलं.
धोटा आदळायचा थांबला, म्हणाले, की विणणारा झोपतो.

राहिली थरथर.
त्या ऑर्गनच्या पेटीत एक भोंगा गरगर फिरायचा,
तोंड इकडं आलं की स्वर किंचित चढा, पलीकडं गेलं की उतरता.
वेग घ्यायचा तो आधी वरचा भोंगा,
खालचा ढोल मागून, कुरकुरत, जाड माणूस जिना चढतो तसा.
सगळं बसवलं. तीन महिने गेले.
पडद्यावरच्या रेषा जुळल्या,
अंगावर काटा नाही.

पोळ्याच्या आसपास रिबेकाताईनं सरांची ट्रंक उघडली.
शिट्टी, दोन झेंड्या, आणि कॅसेट.
टेप थोडी चुरगळलेली, पण चालली.
ऑर्गन होता. सरळ, सपाट, इस्त्री केल्यासारखा.
थरथर नव्हतीच.

दोन दिवस सिंथवर चादर टाकून ठेवली.
मग मांडीला रेक्झिन आठवलं, रेक्झिनवरून खोली:
टेपरेकॉर्डर खिडकीत, आणि त्याच्या पुढ्यात,
साहेबाचा बँड आणि मी यांच्या मधोमध,
सरांचा टेबलफॅन. जाळी गेलेला, हिरव्या पात्यांचा.
पलीकडच्या गल्लीत माग सुरू झाले की व्होल्टेज पडायचं,
पंखा मंदावायचा,
आणि तो स्वर असा दम टाकत यायचा
जणू शंभर वाघिणी घेऊन होटगीचं वळण चढतोय.
मी परदेश समजत होतो त्याला.

काल रात्री सगळे इफेक्ट काढून टाकले. आठ आठ आठ, बस.
आमचाच पंखा उचलून स्पीकरपुढं ठेवला
आणि सकाळपर्यंत बसून राहिलो.
सहाला वड्डेपल्लींनी खटका ओढला.
बल्ब पिवळा झाला. पाती सुटी सुटी दिसू लागली.
मी चार बोटं ठेवली. तो निषाद अडकला, अडकू दिला.

आतून बाबांचा आवाज आला, तुकडे तुकडे होऊन:
"पंखा इकडं कर की बे.
उकडायलंय."